हात मागे ठेवून पाहिलेली गाडी

"मॅडम जी, हाथ पीछे. यहाँ गाड़ी को टच नहीं करते."

मी हात मागे घेतला. माझी नोकरीच गाड्या तपासण्याची आहे. जुनी गाडी विकत घेण्याआधी गिऱ्हाईक आमच्या कंपनीला बोलावतं, मी जाते, गाडी वरून-खालून बघते आणि रिपोर्ट देते. गाडीला हात न लावता ती तपासा असं सांगणारा मात्र मला पहिल्यांदाच भेटला. त्याचं नाव जस्सी. चंदीगडमधल्या गाडीवेड्यांच्या एका क्लबचा तो प्रेसिडेंट, आणि मी जी गाडी तपासायला आले होते तिचा विकणारा मालकही तोच.

घेणारा होता ओंकार. मूळचा जळगावचा, मोहालीत आयटीत नोकरी. माझे यजमान हवाई दलात आहेत, त्यामुळे आम्ही चंदीगडला. गणपतीत वगैरे इथली मराठी माणसं एकमेकांना भेटतात, तशी त्याची ओळख. मला ताई म्हणतो. त्याने रविवारी सकाळी फोन केला. "ताई, गाडी जवळपास फायनल आहे. बँकेला फक्त तुमचा रिपोर्ट हवाय. तळ्याच्या पार्किंगला याल का? आज तिथे जजिंग आहे."

जजिंग कसलं, ते तिथे पोचल्यावर कळलं. गाडी किती कूल आहे, त्याचं.

रॅली म्हणजे कच्च्या रस्त्यावरची, दगडधोंड्यांतली, घाटातली शर्यत. त्यात जिंकलेल्या गाडीसारखी दिसणारी चार दारांची गाडी कंपन्या रस्त्यासाठीही काढतात. तिला हे लोक रॅली-इन्स्पायर्ड सेडान म्हणतात आणि तिच्यावर जीव टाकतात. जस्सीची गाडी निळी, चाकं सोनेरी, डिकीवर मोठा पंख, बॉनेटवर हवा आत घेणारं तोंड, म्हणजे स्कूप. दारांवर चिखल. तो पिचकारीने मारला होता. मला हे कसं कळलं? दारांवर चिखल होता आणि चाकांच्या वर, जिथे खरा चिखल आधी उडतो, तिथे धुतल्यासारखं स्वच्छ होतं. हात का लावायचा नाही, तेही मग लक्षात आलं. हात लावला की चिखल गळतो.

जजिंग मात्र गंभीरपणे चाललं होतं. स्थळ बघायला आलेल्या मंडळींसारखे सगळे हात मागे बांधून गाडीभोवती फिरत होते. पहिले गुण आवाजाला. जस्सीने सायलेन्सरमधलं आतलं सगळं काढून टाकलेलं होतं, त्यामुळे गाडी सुरू केली की तळ्यावरचे पक्षी उडत. दहापैकी नऊ. मग स्टान्स. स्टान्स म्हणजे गाडी जमिनीला किती चिकटून उभी आहे ते. खऱ्या रॅलीतली गाडी उंच असते, कारण तिला दगडांवरून उड्या मारायच्या असतात. ही इतकी खाली होती की सेक्टरमधल्या स्पीडब्रेकरवरून तिरकी करून न्यावी लागत असे. दहापैकी दहा.

"स्कूपचं काय?" मी ओंकारला विचारलं. "त्यातून हवा कुठे जाते?"

"इंजिनला, ताई."

जजिंगसाठी बॉनेट उघडलं होतं. मी खाली वाकून बघितलं. वर स्कूप होता, पण खाली बॉनेटला भोकच नव्हतं. डबल टेपने चिकटवलेलं ते प्लॅस्टिक होतं. गाडीच्या मागे फोर-व्हील ड्राइव्हचा, म्हणजे चारही चाकं गाडी ओढतात असा, बिल्ला लावला होता. मागच्या चाकांना ताकद पोचवणारा दांडा गाडीखाली दिसतो का म्हणून मी गुडघ्यावर बसून पाहिलं. नव्हता. ओढायचं काम पुढची दोन चाकंच करत होती.

हे मी जस्सीला सांगितलं. तो रागावला नाही. "मॅडम जी, स्पिरिट देखो आप."

मला हसू आलं. माझं काम सोपं होतं. सजवलेली साधी गाडी, असं लिहायचं आणि घरी जायचं. लोकांनी आपल्या पैशाने पंख लावले तर माझं काय जातंय.

तेवढ्यात ओंकारचे आई-बाबा आले. जळगावहून पहिल्यांदाच इकडे आले होते. बाबा बँकेतून निवृत्त झालेले, आईच्या हातात दशम्यांचा डबा. "काय रे, ही इतकी खाली का बसलीय?" आईने गाडीकडे बघून विचारलं. "पंक्चर आहे का?"

"आई, तसंच असतं."

मग ओंकारने मला पुढचा कार्यक्रम सांगितला. या क्लबचा रिवाज असा, की ज्या गाडीला सर्वांत जास्त गुण, ती त्या दिवशी सगळ्यांच्या पुढे राहून कसौलीला जाते आणि संध्याकाळी सगळ्यांना घेऊन घाट उतरते. त्याला ते लीड म्हणतात. आज लीड याच गाडीला मिळणार हे ठरल्यासारखं होतं, आणि गाडी आता ओंकारची होणार म्हणून ती तोच चालवणार होता. मागच्या सीटवर आई-बाबा.

मी ओंकारला म्हटलं, "मला एकदा आत बसू दे."

आत बसायला नियमाची हरकत नव्हती. मी ब्रेकवर पाय ठेवला आणि दाबून धरला. चांगल्या गाडीत ब्रेकचं पॅडल एका जागी घट्ट उभं राहतं. हे हळूहळू खाली जात होतं, जणू मी ओल्या स्पंजावर पाय दिला होता. मी उतरून ब्रेक ऑइलची बाटली बघितली. हे तेल नवं असताना पिवळसर, जवळजवळ पारदर्शक असतं. या गाडीतलं काकवीसारखं काळं झालं होतं. जुनं तेल हवेतलं पाणी ओढून घेतं. घाट उतरताना ब्रेक तापतात, त्या पाण्याची वाफ होते, आणि मग तुम्ही पॅडल कितीही दाबा, ते फक्त वाफ दाबतं. गाडी थांबत नाही.

माझं हसू तिथेच संपलं.

मग मी चाकाशी बसले. सोनेरी चाकाच्या आत मोठा लालभडक कॅलिपर दिसत होता. कॅलिपर म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डिस्कला चिमटा घेऊन गाडी थांबवणारा भाग. शर्यतीच्या गाड्यांना तो मोठा असतो आणि बरेचदा रंगवलेला असतो. क्लबने याच लाल रंगावर ब्रेकला दहापैकी दहा दिले होते. पण त्या लाल भागाचा वरचा कोपरा खाली ओघळला होता, गॅसजवळ राहिलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यासारखा. लोखंड असं ओघळत नाही. ते वरून चिकटवलेलं कव्हर होतं. आतल्या लहान, थकलेल्या कॅलिपरची उष्णता बाहेर जायची ती या शोभेने अडवून धरली होती, आणि एकदा तरी ब्रेक इतके तापले होते की प्लॅस्टिक वितळलं होतं.

मी ओंकारला बाजूला घेतलं. "या गाडीने आज घाट उतरायचा नाही. आई-बाबांना घेऊन तर नाहीच."

"ताई, रॅली कार आहे. थोडी रफ असणारच."

"ही रॅली कार नाही. आणि ब्रेक रफ नसतो. तो लागतो किंवा लागत नाही."

"इथपर्यंत आली ना चालवत?"

"चंदीगड सपाट आहे, ओंकार."

तो माझ्याकडे बघत होता, पण त्याचं लक्ष जस्सीच्या हातातल्या माइककडे होतं. मी बाबांकडे वळले. बाबा म्हणाले, "त्याला गाड्यांमधलं कळतं हो. आम्ही काय सांगणार." आईने मात्र विचारलं, "थांबते ना पण?" मी तिला सांगणार, एवढ्यात माझा फोन वाजला.

ऑफिसमधून माझे साहेब, भल्ला सर, बोलत होते. जस्सीने मध्येच त्यांना कळवलं असावं. या क्लबमधून आम्हाला दर महिन्याला काम मिळतं.

"मॅडम, कोई मेजर बात है क्या?"

"सर, ब्रेक फेल हो सकता है. इट इज मेजर."

"लिख दो ना, सर्व्हिस रिकमेंडेड. सोमवार को करा लेंगे."

"ये लोग आज ही कसौली जा रहे हैं, सर."

"तो रिपोर्ट सोमवार को दे देना," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. आमचे सर तसे वाईट नाहीत. त्यांना फक्त प्रत्येक गोष्ट सोमवारी हवी असते.

तिकडे जस्सीने निकाल जाहीर केला. निळी गाडी पहिली. टाळ्या झाल्या. ओंकारच्या गळ्यात कोणीतरी चकचकीत पदक घातलं. आई डबा सांभाळत मागच्या सीटमध्ये शिरायची धडपड करत होती. मला राग आला होता आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. मी जीव तोडून धोका सांगितला होता, आणि धोका या लोकांना आवडतो, हे माझ्या उशिरा ध्यानात आलं. ब्रेक लागत नाही म्हटलं की त्यांच्या डोळ्यांत गाडीचे गुण वाढत होते.

म्हणजे गुण कमी होतील असं काहीतरी बोलायला हवं होतं.

मी जस्सीच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि माइकमध्ये जाईल अशा बेताने हिंदीत विचारलं, "जस्सी जी, ये लाल कव्हर मोटर मार्केट से लिया ना? वही, जो सीट कव्हर के साथ फ्री मिलता है?"

"कौन सा कव्हर, मॅडम जी?"

मी नियम मोडला. खाली बसले, चाकाच्या आत बोटं घातली आणि लाल कव्हरवर नख वाजवलं. डब्याच्या झाकणाचा येतो तसा आवाज आला. कोपऱ्याला नख घालून ओढल्यावर सिलिकॉन सुटलं आणि ते माझ्या हातात आलं. आतून लोखंडी, गंजलेला, तळहाताएवढा खरा कॅलिपर दिसला. शेजारी उभ्या असलेल्या माझ्या साध्या छोट्या गाडीलाही जवळपास तसाच आहे.

"मैं भी लगवाने वाली थी," मी म्हटलं. "बेटी ने मना किया. बोली, मम्मी, अंकल लोग लगाते हैं."

माझी मुलगी घरी मराठीतल्या प्रश्नाला हिंदीत उत्तर देते, आणि हे तिने खरंच म्हटलं होतं.

मग एकजण हसला, आणि फोन बाहेर निघाले. इतका वेळ हात मागे ठेवून चालणाऱ्या मंडळींनी एकमेकांच्या खांद्यावरून त्या गंजलेल्या कॅलिपरचे फोटो काढले. "अंकल ब्रेक," कोणीतरी म्हणालं, आणि तेवढ्या दोन शब्दांत सगळं जजिंग पुन्हा झालं. जस्सी मला सांगत होता की फक्त कव्हर आहे, अंदर से ओरिजिनल है. ते खरंच होतं, अडचण तीच होती.

ओंकारचा चेहरा लाल झाला होता. त्याने पदक काढून खिशात घातलं, मागचं दार उघडलं आणि आईचा हात धरून तिला बाहेर काढलं.

"बाबा, आपण टॅक्सीने जाऊ."

"का रे? ताई म्हणत होत्या त्या ब्रेकमुळे?"

"नाही," ओंकार म्हणाला. "असंच."

ते कसौलीला जाऊन संध्याकाळी सुखरूप परत आले. निळी गाडी पार्किंगमध्येच राहिली आणि दुसऱ्या दिवशी टोइंग करून वर्कशॉपला नेली. मी तिथे होते. चाक काढल्यावर दिसलं, की डिस्कला धरणाऱ्या ब्रेकच्या पॅडमधलं घासायचं साहित्य संपून लोखंड लोखंडावर घासत होतं, आणि डिस्कवर ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या खाचा पडल्या होत्या. मी रिपोर्टमध्ये नापास लिहिलं. भल्ला सर म्हणाले, "मॅडम, इतना था तो उस दिन फोन पर ठीक से बताना था ना." मी म्हटलं, "जी, सर."

गाडी ओंकारने तरीही घेतली, कारण प्रेम आंधळं नसलं तरी हट्टी असतं. फक्त जस्सीकडून आधी सगळे ब्रेक नवे बसवून घेतले. नव्या डिस्क, नवे पॅड, नवं ऑइल. पुढच्या जजिंगला ती गाडी शेवटून पहिली आली. त्याचा मेसेज आला. "ताई, ब्रेकला दहापैकी एक मिळाला. बारीक दिसतात म्हणे."

मी विचारलं, "लागतात ना?"

"एकदम."

"आई काय म्हणते?"

"म्हणते, आता गाडी थांबते, पण दिसायला पंक्चरच वाटते."

क्लबमध्ये त्या दिवसानंतर एक सुधारणा झाली. आता जजिंगला हात लावू देतात. प्रत्येकजण खाली बसतो, चाकात बोट घालून कॅलिपरवर नख वाजवतो आणि जाणकारासारखी मान हलवतो. जस्सी परवा मोटर मार्केटमध्ये भेटला. गाड्यांच्या शोभेच्या सामानाचा त्याचा धंदा बरा चाललाय म्हणाला. त्याने आता कव्हरं अल्युमिनियमची करून घेतली आहेत. नखाने वाजवली तर अगदी खऱ्यासारखी वाजतात.

म्हणून मी आता नख वाजवत नाही. चाक काढायला लावते. चाक काढायला कुणी आडवं आलं, की आत काय सापडणार ते मला बहुतेक तिथेच कळतं.