मालनबाईंचं गाण्याचं वेड

मालनबाईंना गाण्याचं भारी वेड आहे, असं सगळं गाव म्हणतं. गावाला काय, तोंड आहे म्हणून म्हणतं. खरं सांगायचं तर या बाईंना उभ्या जन्मात गाण्यातलं ओ की ठो कळलं नाही. मंगलाष्टकं चालू असताना त्या मागे उभ्या असलेल्या करवलीला वांग्याचा भाव विचारत होत्या, आणि ते लग्न त्यांचं स्वतःचं होतं.

त्यांचं सगळं आयुष्य माणसांत गेलं. तामसीकडच्या आपल्या खेड्यातून पहिल्या बसनं भाजीच्या पाट्या घेऊन आदिलाबादला जायचं आणि दिवस बुडता परत यायचं. वांगी त्यांनी मराठीत विकली, हिंदीत विकली, आणि गिऱ्हाईक ‘वंकायलु’ म्हणत आलं तर तेलुगूतही विकली. आवाज असा, की बाजाराच्या या टोकाला ओरडल्या तर त्या टोकाचा माणूस पिशवी उघडायचा. मग एक दिवस परसात पाय घसरला, कमरेचं हाड मोडलं आणि उभं राहणं कायमचं संपलं. मागच्या खोलीत बाज टाकली गेली. खोलीला एकच खिडकी, आणि तिच्यातून दिसते शेजारच्या गोठ्याची भिंत.

मुलगा देवानंद मायेचा. आईला करमावं म्हणून त्यानं घरातला जुना सीडी प्लेअर आणि सीड्यांची पिशवी तिच्या खोलीत आणून ठेवली. पहिली सीडी संपली, खोली गप्प झाली, तशी मालनबाईंनी सुनेला हाक मारली, “रुपे, संपली वो!” रुपा पिठाचे हात पुसत आली, दुसरी सीडी लावली, आणि आलीच आहे तर दोन मिनिटं बाजेच्या कडेला टेकली. शेळी व्याली, शेजारच्या अश्विनीला पाहायला पाहुणे येऊन राह्यले, असं काहीबाही सांगून गेली.

जन्मभर बाजार केलेल्या बाईला एवढं पुरे झालं. सीडी संपली की माणूस येतो, हे त्यांनी हेरलं.

पिशवीत गावच्या भजनी मंडळानं हौसेनं काढलेली एक सीडी होती. तिच्यात मोजकी पाच भजनं, आणि गाणारे तिघे, त्यांतल्या एकाचा घसा बसलेला. ती सगळ्यात लवकर संपायची. मालनबाईंनी तिचाच हट्ट धरला. “तेच लाव रुपे, मन शांत होते.” दिवसातून कितीदा तरी रुपा यायची, पुन्हा लावायची, टेकायची. मालनबाई भक्त झाल्या, असं गावात झालं. ज्याचा घसा बसला होता ते वामनराव तर पाया पडून गेले. मालनबाईंनी गंभीरपणे आशीर्वाद दिला. हसू आलं होतं, पण दाबलं.

कापूस वेचणीला आला आणि रुपाची दैना उडाली. शेतातून घरी, घरातून शेतात. देवानंदनं एक दिवस आदिलाबादहून मुठीएवढा स्पीकर आणला. आत चिप, चिपमध्ये हजारो गाणी, आणि आईची लाडकी पाच भजनं सगळ्यांत आधी भरलेली.

“आई, हे संपतच नाई बघ. बदलाचं काम नाई, हाक माराचं काम नाई. आता सांग, सीड्या ठेवू का हे ठेवू?”

मालनबाईंनी तो स्पीकर किडकं वांगं पारखावं तसा उलटापालटा करून पाहिला.

“सीडीचा आवाज गोड रायते रे,” त्या म्हणाल्या.

देवानंदनं दोन्हींवर तेच भजन लावून दाखवलं. वामनरावांचा घसा दोन्हींकडे सारखाच बसलेला. दाराशी रुपा उभी होती. पदराला कापसाच्या काड्या, टाचांना भेगा, डोळे झोपेनं जड. बाई, मला गाणं नको, तू ये, असं त्या थकलेल्या पोरीला कोणत्या तोंडानं म्हणायचं? आणि म्हटलं तर इतक्या दिवसांचं वेड खोटं होतं, हेही बाहेर येणार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

“ठेव तुह्या मनानं,” त्या म्हणाल्या.

स्पीकर उंच फळीवर गेला, हात पोचत नाही तिथं. सीड्या ज्वारीच्या शेतात गेल्या. दोरीला बांधल्या की उन्हात चमकतात आणि पाखरं भितात. भजनाची सीडी बांधण्याआधी रुपानं कपाळाला लावली म्हणे.

त्या दिवसापासून खोलीत गाणं थांबलं नाही. रुपा सकाळी मायेनं सुरू करून जाते आणि निवांत मनानं कापूस वेचते. आईची आता तिला काळजी नाही.

परवा दुपारी मथुराबाई आल्या, बाजारातल्या जोडीदारीण. दाराबाहेर त्यांच्या बांगड्या वाजल्या आणि मालनबाईंचा जीव हरखला. पण भजन ऐकून मथुराबाई उंबऱ्यावरच थबकल्या.

“ऐकून राह्यली बिचारी. देवाच्या नावात काऊन मधात पडा?”

“मथुरे! ये वो आत! मथुरे!”

पण नेमकं त्याच वेळी तिघांनी मिळून ध्रुवपद उचललं. जो आवाज उभा बाजार ओलांडायचा, तो खोलीचं दार ओलांडू शकला नाही. बांगड्या अंगणातून दूर गेल्या. मालनबाईंनी गोठ्याच्या भिंतीकडे तोंड केलं आणि पोटभर रडल्या.

संध्याकाळी रुपा शेतातून आली. सासूचे भिजलेले गाल पाहून तिचेही डोळे भरले. मालनबाईंनी तिचा हात धरला, सगळं सांगायचंच असं ठरवून तोंड उघडलं, पण हुंदक्यातून शब्दच फुटेना.

“नका बोलू आई. समजते मले,” रुपा म्हणाली. “किती लागते वो तुमाले भजन!”

तिनं हात हळूच सोडवून घेतला, पदरानं सासूचे गाल पुसले, फळीवरच्या स्पीकरचा आवाज वाढवला आणि बाहेर जाताना दार अलगद ओढून घेतलं. मथुराबाई पुन्हा विचारपूस करायला आल्या होत्या. दोन कडव्यांच्या मधल्या फटीतून मालनबाईंना रुपाचं बोलणं ऐकू आलं.

“आत नका जाऊ मावशी. आईची तंद्री लागली हाये.”