दिव्यासाठी लावलेली खिडकी

देवीचं आपल्याकडं लक्ष आहे की नाही, अशी शंका माझ्या मनात कधी येईल असं वाटलं नव्हतं. या पावसाळ्यात आली. गोदावरीचं पाणी नांदेडच्या आमच्या गल्लीत शिरलं, घरात छातीएवढं चढलं आणि दोन दिवस हललं नाही. मी, माझे मालक आणि सासूबाई, तिघंही शेजाऱ्यांच्या गच्चीवर बसून होतो. सासूबाईंना मी आत्या म्हणते. लोक देव पाण्यात घालून बसतात. आमचे न घालताच पाण्यात होते. त्या गच्चीवर मी माहूरच्या रेणुकेला नवस बोलले, "आई, आत्याला सुखरूप घरात ने. नवरात्रात नऊ दिवस तुझा दिवा क्षणभरही विझू देणार नाही."

पाणी उतरलं आणि खरे हाल सुरू झाले. पूर बघायला सगळं गाव येतं, घर वाळवायला कुणी येत नाही. गुडघाभर गाळ खोऱ्यानं ओढून काढला. गाद्या फाडून कापूस गच्चीवर पसरला, तो वरून सुकायचा आणि आतून ओलाच राहायचा. ज्वारीला पोत्यातच मोड आले. प्लायच्या कपाटाची दारं फुगून बसली ती बसलीच. पुढच्या खोलीची भिंत तर आत झुकली, तिथं कुणाला झोपवायची सोय राहिली नाही. मालक शाळेत शिपाई आहेत. दिवसभर शाळेतला गाळ काढायचे आणि संध्याकाळी घरातला. एकदा जेवताना हातातला घास तसाच धरून बसल्या जागी झोपले. मला त्याचं हसूही आलं नाही आणि रडूही आलं नाही, इतका जीव शिणला होता.

अशात घट बसले. मधल्या खोलीत ओल्या फरशीवर पाट मांडून मी घट बसवला आणि अखंड दिवा लावला. दिव्याची काच पुरात फुटली होती आणि बाजारातली दुकानं अजून चिखलातच होती. उघड्या ज्योतीला वारा लागू नये म्हणून मी खिडकी लावून घेतली, फटींत चिंध्या कोंबल्या. मालकांनी मागून आणलेला टेबलफॅन कोपऱ्यात तसाच पडला. ते म्हणाले, "अगं, असं केल्यावर घर वाळायचं कसं?" मी म्हटलं, "दसऱ्यानंतर वाळंल. घर काय पळून चाललंय?" मी एकदा हट्टाला पेटले की मला ब्रह्मदेवही समजावू शकत नाही, हे त्यांना माहीत आहे.

आत्याची लोखंडी खाट त्याच खोलीत होती, आणि आत्याला जुना दमा. बंद खोलीत भिंतींना घाम फुटल्यासारखं पाणी सुटायला लागलं. घटाच्या मागं काळी बुरशी चढली. घटातलं धान मात्र असं जोमानं उगवलं की मी वेडी त्यालाच देवीचा कौल समजले. ओलीत काय, काहीही उगवतं. चौथ्या दिवशी आत्याला आडवं होता येईना. उशीला टेकून बसायच्या आणि श्वास ओढायच्या. डॉक्टर बघून म्हणाले, "औषध देतो, पण ही ओल त्यांच्या छातीत चाललीय. खोली मोकळी करा, नाहीतर दवाखान्यात ठेवावं लागेल." ते गेल्यावर आत्या एवढंच म्हणाल्या, "थोडी खिडकी उघड ना गं."

मी उघडली नाही. हे लिहिताना लाज वाटते. नवस मोडला तर आत्याचं काही बरंवाईट होईल, ही भीती माझ्या मनात घर करून होती. आणि जे व्हायचं ते माझ्या डोळ्यांदेखत होतच होतं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. दुपारी दारात जोगवा मागायला एक बाई आली. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, परडीत हळदीकुंकू आणि एक लहानशी दिवली. ओळखीची नव्हती. घटाला हात जोडायला म्हणून आत आली आणि उंबऱ्यातच थांबली. एकदा आत्याकडं बघितलं, एकदा खिडकीकडं.

"ही खोली अशी का कोंडून ठेवली, बाई?"

मी नवसाचं सांगितलं. ती हसली नाही, रागावलीही नाही.

"माहूरला गेलात का कधी?"

"दरसाल जातो."

"मग डोंगरावरचा वारा ठाव हाय की तुमाला. ती तिथं बसती. अन् तुमी तिच्या नावानं ह्या म्हातारीचा वारा बंद केला व्हय?"

तिनं अखंड दिव्यावरून आपली दिवली पेटवली आणि पदराआड धरली. "उघडा आता. गेला तर ह्याच्यावरनं लावू." माझा हात उचलेना, तेव्हा तिनंच चिंध्या ओढून काढल्या आणि खिडकी उघडली. वारा आला तसा दिवा विझला. तिनं शांतपणे दिवली टेकवून तो परत लावला. परत विझला. परत लावला. किती वेळा ते मी मोजलं नाही. लेकराचं नाक पुसावं तितक्या सहज ती ते करत होती. थोड्या वेळानं माझ्याकडं बघून म्हणाली, "पंखा पण लावा, भिताडाकडं तोंड करून."

दोन तास ती तिथं बसली. हळूहळू आत्याचे वर-खाली होणारे खांदे थांबले आणि त्यांचा बसल्या बसल्या डोळा लागला. मदतीच्या पाकिटातलं मूठभर पीठ होतं, ते मी परडीत घातलं. विचारलं, "तुमच्याकडं पाणी आलं होतं का?"

"आमचं घरच बसलं, बाई."

"मग घट?"

"ह्या साली न्हाई बसवला. परडीतच घेऊन फिरून राहिले तिला."

एवढं बोलून ती उठली. नंतर मी गल्लीत सगळ्यांना विचारलं, पण तिची माहिती कुणालाच नव्हती. ती कोण होती यावर लोक वाटेल ते बोलतात. मी बोलत नाही. घर पडलेली एक बाई माझं घर वाळवायला आली, एवढं मला पुष्कळ आहे.

पुढचे दिवस खिडकी उघडीच राहिली. मालक आणि मी आळीपाळीनं दिव्यापाशी बसायचो, जवळ दुसरी पणती पेटती ठेवायचो. आत्याला दवाखान्यात न्यावं लागलं नाही. भिंतींची ओल अजून पुरती गेलेली नाही, पुढच्या खोलीचं तर सगळंच बाकी आहे. शीण आहेच. पण आता मी देवीला अटी घालत नाही. जमेल तेवढं करते आणि उरलेलं तिच्यावर सोडते.

आठव्या माळेच्या दुपारी माझी पाळी होती आणि बसल्या जागी मला झोप लागली. जाग आली तेव्हा दिवाही विझलेला होता आणि पणतीही. खोलीत वारा खेळत होता. मी आधी खाटेकडं कान लावला. आत्या आडव्या होऊन झोपल्या होत्या, श्वास संथ चालला होता. तो मी पोटभर ऐकला. मग हात जोडले आणि काडी ओढली.