मंगलचा फ्रीज आणि घरची लावणी

पासली गावात भाताची लावणी सावडीनं होते. आज सगळ्यांनी हनुमंताच्या खाचरात राबायचं, उद्या हनुमंतानं त्यांच्या. मजुरी नाही, पण ज्याचं खाचर, त्यानं सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. त्यामुळं हनुमंताची बायको मंगल आपल्याच लावणीला चुलीपुढं अडकायची. माहेरी मार्गासनीत तिनं लावलेलं भात बघायला माणसं बांधावर थांबत. सासरच्या खाचरात मात्र तिचा पाय एकदाच बुडाला होता. मागल्या वर्षी ती हट्टानं उतरली, तर सावडकऱ्यांना वेल्ह्याहून आणलेला फरसाण-पाव वाढावा लागला. तिच्या सासूबाई अंबूबाई महिनाभर धुसफुसत होत्या.

यंदा मंगलनं आधी फ्रीजला हात घातला. आत अंबूबाईंचं राज्य: भोपळ्याचं बी, गुडघ्याचं तेल, लेकीसाठी गोठवलेला चीक, आणि कशाची ते कुणालाच ठाऊक नसलेली गाठोडी. तिनं सगळं काढलं, कप्पे पुसले. समोरच दिसेल अशी मोड आलेली मटकी ठेवली. खाली निवडून कोरडी केलेली कुर्डूची भाजी फडक्यात गुंडाळली. फ्रीजरमध्ये खोबऱ्या-लसणाचं वाटण वाटीवाटीनं गोठवलं. शेजारी पाण्याच्या बाटल्याही गोठवल्या, म्हणजे लाइट गेली तरी गारवा टिकेल.

"सावडीच्या माणसांना शिळं वाढनार व्हय गं?" अंबूबाई कडाडल्या. "गावात नाक कापशील माजं!"

"आत्याबाई, उन्हाळ्यात वाळवलेलं तुमी पावसाळ्यात खाता, ते शिळं न्हाई? म्या नुसतं निवडून-वाटून ठेवलंय. फोडणी ताजीच."

"लई शानी!"

लावणीच्या आदल्या दिवशी लाइट गेली ती आलीच नाही. सकाळी मंगलनं फ्रीजरचं दार उघडलं. वाटण अजून दगडासारखं कडक! रोपांच्या मुठी बांधून व्हायच्या आत उसळ रटरटली, पालेभाजी परतून झाली. अंबूबाईंनी उसळ चाखली, पुन्हा चाखली, आणि परात पुढं ओढली.

"भाकरी म्या थापते. तू हो खाचरात. हितं नगं घुटमळू."

दुपारी अंबूबाईंची जेवणाची पाटी बांधावर उतरली. सावडीला आलेल्या सोनबानं दुसऱ्यांदा उसळ घेतली.

"काकी, येवढं कवा रांधलंस?"

"आमची सून आधीच मांडून ठिवती," अंबूबाई तोऱ्यात म्हणाल्या. "मंगल, ये की जेवायला!"

"एवढी ओळ होऊ द्या!"

गुडघाभर चिखलात मंगल वाकली होती. बोटं भराभरा चालत होती, आणि तिच्यामागं घरचं खाचर हिरवं होत येत होतं.