पावणेतीन तास जपानी मशीन

गेल्या फाल्गुनात मी पावणेतीन तास जपानी मशीन होतो.

सतरा वर्षं फौजेत काढली, नंतर ऊस लावला, सोसायटीची निवडणूक लढवून पडलो, पण मशीन व्हायची वेळ कधी आली नव्हती. ती आणली माझ्याच जिभेनं.

आमचा महेश जपानला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे. त्यानं आम्हा नवराबायकोला दीड महिना तिकडं नेलं. शालननं (ही माझी मालकीण. सातबारा माझ्या नावावर असला तरी!) देवळं बघितली, बागा बघितल्या, डोंगर बघितला. मी मशीनं बघितली.

आता मशीन म्हणजे काय? तर रस्त्याच्या कडंला उभं कपाट. नाणं टाकायचं, बटण दाबायचं, खाली माल पडतो. महेशच्या घरापासून कोपऱ्यापर्यंत अशी सात कपाटं! पहिल्याच दिवशी मी त्यातल्या एकासमोर असा उभा राहिलो की पोरगं दोनशे पावलं पुढं जाऊन परत आलं. लाल पट्टीचं बटण दाबलं तर कॉफीचा डबा असा गरम, की हातात धरवेना. त्याच्याच शेजारी निळी पट्टी. दाबली, तर डबा बर्फासारखा गार. एकाच पोटात गरम आणि गार! आमच्या पोटात असं झालं तर इस्लामपूरला दवाखाना गाठावा लागतो.

मग मला नादच लागला. रोज सकाळी मशीनं बघत फिरायचो. एकात मक्याचं गरम सूप. ("डब्यातलं कोन पितंय!" म्हणत शालन तीन डबे प्याली.) एकात फुलांचे गुच्छ. एकात केळी, एकेक सुटं. एकात बाटली, आणि बाटलीत अख्खा भाजलेला मासा! हसू नका, या डोळ्यांनी बघितलाय. कालवणाचं पाणी चवदार व्हावं म्हणून असतो म्हणे. एक मशीन तर माल दिल्यावर बाईच्या आवाजात आभार मानायचं. माल संपला की बटणावर छोटा लाल दिवा लागायचा आणि मशीन गप. कटकट नाही, कारणं नाही, 'उद्या या' नाही.

पण मी खरा खलास झालो तो गावाबाहेर. भाताची खाचरं, माणूस ना काणूस, आणि बांधावर अंड्यांचं मशीन! राखणीला कोणी नाही, कुत्रंसुद्धा नाही. कोणीतरी येऊन हे उचलून नेणारच म्हणून मी अर्धा तास झाडाखाली दबा धरून बसलो. एक म्हातारी आली, नाणं टाकून अंडी घेतली, मशीनकडं बघून जरा मान लववली आणि गेली. तेवढ्यात पाऊस आला. मशीन तसंच ताठ, दिवे लावून, ड्युटीवर! सतरा वर्षं मी पहारे दिले, पण असा पहारा माझ्या बापजन्मात नाही दिला. खरं सांगतो, माझा ऊर भरून आला आणि मी त्याला खाडकन सॅल्यूट ठोकला.

शालन छत्री घेऊन शोधत आली होती. म्हणाली, "देवाला कवा एवढ्या मनानं हात जोडलं न्हाईसा!"

परत आलो आणि आमच्या गावाचे कान किटवले. पारावर, कारखान्यावर, मयताला गेलो तरी तिथं, "जपानात काय असतं म्हाईत हाय का?" लोक मला बघून वाट बदलायला लागले. एवढ्यावर भागलं असतं. पण शालनचा अकरा बायकांचा बचत गट आहे. भडंग, शेंगदाण्याची चटणी, ताक आणि चहा. सहा वर्षं बिचाऱ्या एसटी स्टँडबाहेर घडीच्या टेबलावर साडीचा आडोसा करून माल विकतात, आणि कोणीही येतो, "उठा हितनं" म्हणतो. यंदा तालुक्याच्या प्रदर्शनात पहिल्या येणाऱ्या गटाला स्टँडजवळ पक्का गाळा मिळणार होता. शालनचा जीव त्या गाळ्यात अडकला होता. रात्री झोपेतसुद्धा "शटर कुनीकडून लावायचं?" विचारायची.

गटाची बैठक आमच्या बाहेरच्या सोप्यात चाललेली. मी आतून ओरडलो, "काळजी करू नका! जपानी मशीन उभं करतो स्टॉलवर!"

शालननं मान वळवली. "करतासा का नुसतं बोलतासा?"

"फौजीचा शब्द हाय!"

झालं. अकरा बायकांनी टाळ्या वाजवल्या. बाराव्यांदा वाजली ती माझी.

मलकापूरला गणपा म्हणून उसाच्या ट्रॉल्या बनवणारा एक वेल्डर आहे. त्याला फोनमधले फोटो दाखवले. तो म्हणाला, "जपान्यानं केलं म्हंजी मानसानंच केलं न्हवं? सोडा माज्यावर." प्रदर्शनाच्या सकाळी टेंपोतून मशीन आलं. साडेसहा फूट उंच, निळा रंग, चार बटणं, खाली माल पडायला खिडकी, पाठीमागं दार. देखणं! शालन लांबूनच बघून हरखली आणि चहाचे थर्मास, ताकाचा बर्फातला डबा, भडंग-चटणीच्या पुड्या गणपाच्या हवाली करून पाहुण्यांच्या स्वागताला गेली.

आम्ही चाचणी घेतली. चटणीचं बटण दाबलं. घर्रर्र झालं आणि पुडी खिडकीतून जी सुटली ती समोरच्या लोणच्याच्या स्टॉलवर!

"मोटर कसली बसवलीस रं?"

"रसाच्या चरकाची. जरा पावर जास्त झाली म्हना की."

"आरं, चहाचा कप असा सुटला तर मानसं भाजत्याली!"

मोटर काढली. काढल्यावर आत बरीच मोकळी जागा झाली. आम्ही दोघं त्या जागेकडं बघत राहिलो. मग गणपानं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं.

"फौजी, बटन दाबलं की आत बारका बल्ब लागतोय बघा. तेवढं चालू हाय."

"मग?"

"मग काय? ज्येचा बल्ब लागंल ते खिडकीत सरकवायचं. दोन तासांचा तर प्रश्न हाय. वैनीस्नी काय कळतंय!"

उलट्या बादलीवर मी बसलो. कुणी उघडू नये म्हणून गणपानं पाठीमागनं कुलूप घातलं. फोन वाजला तर मशीन पकडलं जाईल म्हणून माझा फोनही त्यानंच खिशात घातला. आणि तो गेला. (कुठं, ते नंतर कळलं. मेव्हण्याच्या साखरपुड्याला, खंडाळ्याला. किल्लीसकट!)

आता आपल्याकडं नवीन ट्रॅक्टर आला, मोटर आली, साधी पिठाची गिरण आली तरी पूजा झाल्याशिवाय चालू करत नाहीत. हे मी कसा विसरलो? बाहेर शालनचा आवाज आला, "व्हा बाजूला, आदी नारळ फोडू!" आणि तो तिनं फोडला मशीनच्या वरच्या कडेवर. सगळं पाणी नाण्याच्या फटीतून सरळ माझ्या टकलावर. त्यामागनं हळदीकुंकू. मग कोणा भाविक बाईनं त्याच फटीत पाच उदबत्त्या खोचल्या. आत धूर कोंडला. दम धरला, नाक दाबलं, पण शेवटी व्हायचं ते झालंच.

"आक् छी!"



"मशीन शिंकलं!" कोणीतरी म्हणालं.

"जपानचं हाय. हवा बदलली की बाधतंय."

"ते ऱ्हाऊ दे, पर सुरवातीलाच शिंक झाली. जरा थांबा समदी. मंग बटन दाबा."

आणि खरोखर अख्खं गाव माझ्या शिंकेसाठी पाच मिनिटं थांबलं!

मग झुंबड उडाली. पहिल्यांदा प्रत्येकजण विचारणार, "स्कॅनर कुटं हाय?" नाही म्हटल्यावर नाणी शोधणार. नाणी माझ्या डोक्यावर पडायची, बल्ब लागायचा, मी सरकवायचो. भडंग! ताक! चहा! चहा! पण काय सांगू, खिडकीच्या फटीतून मला लोकांचे चेहरे दिसत होते. आमचे तात्या, वय ऐंशी, आयुष्यात कशाला बरं म्हटलेलं नाही. त्यांनी गरम चहा घेतला, शेजारचं बटण दाबून गार ताक घेतलं, आणि दोन्ही हातांत दोन पेले धरून तोंड उघडं टाकून उभे राहिले. मी तिकडं जसा उभा होतो अगदी तस्सं! माझे डोळे भरून आले. (थोडे उदबत्तीनंही.)

तात्यांनी वाकून खिडकीत हात घातला. "आत काय हाय तरी बघू," म्हणत नेमकी माझी करंगळी पकडली. मी श्वास रोखला. तात्यांनी ती दोनदा दाबली.

"रबर लय भारी वापरलंय," म्हणाले.

मशीनसमोर उभा राहिलेला माणूस मोकळं बोलतो, हेही मला त्या दिवशी कळलं. "फौजीनं आणलं ब्वा शेवटी!" एकजण म्हणाला. मी आत ताठ झालो. दुसरा म्हणाला, "आनलं खरं, पर सवता कुटं हाय? काम दिसलं की पळालं असंल." तिसरा, "नसलेलाच बरा. असता तर जपानचं सांगून सांगून डोकं खाल्लं असतं. त्येच्यापरीस हे मशीन बरं, बोलत तरी न्हाई!" आणि सगळे खो खो हसले. हसणाऱ्यांतला एक आवाज माझ्या सख्ख्या भावाचा होता. त्याला मी पुढचं ताक अर्धंच दिलं.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि परीक्षक बाई आल्या. शालनबरोबर. दोन तास उलटून गेले होते, माझ्या पायांना मुंग्या आलेल्या, अंगावर नारळाचं पाणी वाळून चिकट झालेलं. पण शालनचा आवाज ऐकला आणि सगळं विसरलो. इतकं छातीठोक बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

"बाई, जपानात असं दर कोपऱ्यावर असतंय. आमच्या ह्यांनी गटासाठी केलं. गरम, गार, दोनीबी एकातच."

"छान! पण तुमचे मिस्टर कुठे आहेत?"

शालननं गर्दीवरून नजर फिरवली. "असतील हितंच. आज तरी ऱ्हायाला पायजे हुतं समोर."

मी खिडकीच्या फटीला डोळा लावला. बाई म्हणाल्या, "आधी तुम्ही घ्या बरं चहा. स्वतः करणाऱ्यानं आधी प्यावं."

नाणं पडलं. चहाचा बल्ब लागला. फटीतून मला हिरव्या बांगड्या दिसल्या आणि मनगटावरचा तव्याचा जुना डाग. शालनला साखर चालत नाही. तिचा बिनसाखरेचा छोटा थर्मास सामानाबरोबर आत आलेला होता. माझा हात आपोआप तिकडं गेला. कप भरला, सरकवला. इथवर ठीक होतं. पण पस्तीस वर्षांची सवय! मी माझ्यासाठी घरून आणलेली बशी उचलली, धोतराच्या टोकानं पुसली आणि कपाच्या मागोमाग तीही सरकवली.

शालनला बशीशिवाय चहा जात नाही.

शालननं बशी उलटी करून बघितली. आमचीच, कडेला टवका उडालेली. मग चहाचा घोट घेतला. बिनसाखरेचा. मग ती हळूच खिडकीशी वाकली.

"आवं," ती कुजबुजली, "तुमी हायसा व्हय आत?"

मी काय बोलणार? मशीन बोलत नाही! मी खिडकीतून करंगळी तेवढी हलवली.

बाई म्हणाल्या, "कमाल आहे! बशी लागते हे मशीनला कसं कळलं?"

मी डोळे मिटले. शालननं 'जपानी हाय, कळतंय त्येला' म्हटलं असतं तर गाळा तिचा होता. सहा वर्षांचं घडीचं टेबल, ऊन, हाकलणारी माणसं, सगळं एका वाक्यात संपलं असतं.

"बाई, खोटं न्हाई बोलत," शालन म्हणाली. "ह्यात मशीन न्हाई. माजा नवरा हाय."

किल्ली खंडाळ्याला. शेवटी पहारीनं कुलूप तोडलं. दार उघडलं आणि मी बाहेर पडलो. टकलावर कुंकू, मिशांत उदबत्तीची राख, धोतर ताकानं भिजलेलं. तात्यांनी पहिलं माझी करंगळी दाबून बघितली आणि "त्येच रबर!" म्हणाले. माणसं जमिनीवर बसून हसली. मी ताठ उभा राहिलो आणि सॅल्यूट ठोकला. दुसरं काय सुचणार?

परीक्षक बाईंनी डोळे पुसले. "मशीनला शून्य गुण," म्हणाल्या. शालनचा चेहरा पडला. मग बाईंनी भडंगाची पुडी फोडली, चटणी चाखली, परत चाखली. "माल मात्र अव्वल आहे, आणि सांगणारी बाई त्याहून. गाळा यांनाच. पण काय हो, असं मशीन आणखी एखादं मिळेल का?"

"न्हाई बाई," शालन म्हणाली. "एकच हाय, आनि तेबी पस्तीस वरसं वापरून पार खिळखिळं झालंय."

तो गाळा आता झोकात चालतो. शटर कुठून लावायचं तेही ठरलंय, कारण ते लावतो मी. निळं कपाट कोपऱ्यात चटणीच्या पुड्या ठेवायला आहे आणि त्याच्याशेजारी, पहाटेच्या पहिल्या एसटीपासून, मी. नाण्याची गरज नाही, बटणाची नाही. शालन नुसतं "आवं!" म्हणते आणि गरम चहा, गार ताक, जे हवं ते हजर. कौतुक वाटतं ते अजून त्या बांधावरच्या अंड्यांच्या मशीनचंच. माल संपला की त्याला लाल दिवा लावून गप उभं राहता येतं. मला शालननं तेवढा दिवा काही बसवू दिलेला नाही.