राणीची वरात

आमच्या घरात नाचता येतं ते फक्त घोडीला. बाकी आम्ही सगळी साधी माणसं.

घोडीचं नाव राणी. ती आमच्याकडे कशी आली, तर बाकीची जनावरं आली तशीच, म्हणजे मला नाही म्हणता येत नाही म्हणून. मी इतकी लाजरी की एसटीत आपला स्टॉप गेला तरी कंडक्टरला सांगत नाही, पुढच्या स्टॉपवर उतरून गुपचूप मागे चालत येते. अशा बाईच्या दारात कोणी जखमी कुत्रं आणून ठेवलं तर ती काय बोलणार? वळ गावच्या गोडाउनांमध्ये ही बातमी हळूहळू सगळ्यांना कळली. आमच्या यांची तिथेच वॉचमनची ड्युटी. शेठने मागची रिकामी शेड वापरायला दिली, आणि बघता बघता लंगडी कुत्री, एका डोळ्याची मांजरं, कोणीतरी सोडून दिलेलं गाढव अशी तिथे वस्तीच उभी राहिली. लोक तिला जनावरांचा आश्रम म्हणतात. सासूबाई 'तुझं माहेर' म्हणतात.

राणी पूर्वी वरातीत असायची. पण आता नवरदेवांना फुलं लावलेली गाडी लागते. घोडीवाल्याचा धंदा बसला. त्याने राणीला आमच्या शेडमध्ये बांधलं, तिच्या मानेला डोकं टेकून थोडा वेळ उभा राहिला आणि मागे न बघता गावाला निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून राणीने खाणं सोडलं. हिरवा चारा ठेवला, कोंडा ठेवला, गूळ ठेवला. शेवटी माझ्या हातची भाकरी ठेवली (जी यांनीही आजवर कधी परत केलेली नाही). राणीने नुसता वास घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, ताप नाही, पोट ठीक आहे, उद्या दवाखान्यात आणा, सलाईन लावू. पण जाता जाता हळूच म्हणाले, "तिने स्वतःहून खायला हवं. नाहीतर अवघड आहे."

सकाळी टेम्पो यायचा होता. अर्थातच आला नाही. हे ड्युटीवर. मी राणीची दोरी मनगटाला गुंडाळली आणि चालत निघाले. दवाखान्यात जातेच आहे तर एका पिल्लाच्या पायाची पट्टीही बदलून होईल, म्हणून ते कापडी पिशवीत घातलं. वाटेत कुत्र्यांसाठी शिळे पाव घ्यायला बेकरीत थांबले. बेकरीवाल्याने चुकून ताजी खारी बांधून दिली. मी खारीचे पैसे दिले. (त्या दिवशी आमच्या कुत्र्यांनी पाहुण्यांसारखा नाश्ता केला.) एक खारी राणीपुढे धरली. तिने मान फिरवली.

गोडाउनांच्या मागच्या रस्त्याने पुढचं गाव आलं आणि कुठूनतरी बँडचा आवाज ऐकू आला. राणीचे कान उभे राहिले. मग मान उभी राहिली. मग ती निघाली आणि तिच्यामागे फरफटत मी.

वळणावर वरात होती. पुढे बँड, मग नाचणारी पोरं, मग एकसारख्या पिवळ्या साड्या नेसलेल्या बायका, आणि मागे फुलांच्या गाडीत नवरदेव. राणीने सगळी गर्दी कापली आणि बरोब्बर गाडीच्या पुढ्यात, आपल्या हक्काच्या जागेवर जाऊन उभी राहिली. मग तिने पुढचा पाय उचलला, मान हलवली, आणि सुरू! दोन पावलं पुढे, एक मागे. दोरी माझ्या मनगटाला, त्यामुळे मीही दोन पावलं पुढे, एक मागे. लांबून बघणाऱ्याला मी नाचतेय असंच वाटलं असणार. जवळून बघणाऱ्यालाही तसंच वाटलं.

एवढ्यात फेटा बांधलेला एक माणूस आला. तो नवरदेवाचा मामा.

"घोडी कोनी सांगितली?"

कोणीच सांगितली नव्हती. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्याकडे पाहिलं. मुलीकडच्यांनी गुपचूप ठरवली असणार, असं त्याने आपल्या मनाशीच ठरवून टाकलं आणि खूश होऊन ओरडला, "नवरदेवाला उतरवा गाडीतून. बसवा घोडीवर."

नवरदेव उतरला. गाडी बरीच वर आली. पोती उचलणारे दोन हमाल एकत्र केले तर जेवढे होतील तेवढा तो होता, आणि माझी राणी कित्येक दिवसांची उपाशी. त्याने एक पाय उचलला मात्र, आणि माझ्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा आवाज निघाला.

"कोनी बसायचं न्हाय! घोडी आजारी हाय!"

नेमका त्याच क्षणी बँड थांबला होता. सगळ्या गावाने ऐकलं. जमीन दुभंगली असती तर मी पिल्लासकट आत गेले असते. पण बँड थांबताच राणीची मान खाली गेली, शेडमध्ये असायची तशी. मामाचा चेहरा उतरला. तेवढ्यात ढोलवाल्याने सहज एक थाप मारली. राणीची मान वर. आणखी एक थाप. पाय वर.

मामाने फेटा सावरला. मग म्हणाला, "ताई, हिला जो आजार हाय ना, तो आमच्या सगल्या वरातीला हाय."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मामाने हुकूम सोडला, घोडीवर कोणी बसणार नाही, नवरदेव चालेल, दवाखाना पुढे त्याच रस्त्याला आहे, वाजवा! मग काय, घामाघूम नवरदेव, त्याच्यापुढे राणी आणि सगळ्यांच्या पुढे मी. पिशवीतून पिल्लाने डोकं बाहेर काढलं, तर एका बाईने त्यालाही अक्षता दिल्या.

मुलीच्या दारात बँड थांबला. नवरदेवाला ओवाळून झालं. मुलीची आजी म्हणाली, दारात आलेली घोडी उपाशी पाठवायची नाही, आणि जेवणासाठी भिजत घातलेली चण्याची डाळ परातीत घेऊन आली, वर गुळाचा खडा. राणीने परातीत तोंड घातलं ते डाळ संपल्यावरच वर काढलं.

मला रडू फुटलं. मांडवातल्या एका मावशीने मला जवळ घेतलं. "रडू नको गं, पोरगी जवलच तर दिलीय. कधीपन भेटायला जाशील." मी मान हलवली.

दवाखान्यात डॉक्टरांनी राणीचं टम्म पोट पाहिलं, सलाईनची बाटली परत ठेवली आणि पिल्लाची पट्टी बदलली. संध्याकाळी यांनी घोडीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "अहो, वरात दारात पोचवल्याशिवाय ती कधीच खात नाही. सांगायचं राहिलंच."

तेव्हापासून आमच्याकडे रोज संध्याकाळी वरात निघते. हे मोबाईलवर बँड लावतात आणि मी दोरी धरून शेडपासून गेटपर्यंत जाते, दोन पावलं पुढे, एक मागे, कारण समोर कोणी तसं चाललं नाही तर राणी जागची हलत नाही. माल उतरवायला थांबलेले ट्रकवाले टाळ्या वाजवतात. गेटवर परात ठेवलेली असते. राणी पोटभर खाते. तिच्या अंगावर आता चांगली चमक आली आहे.

गेल्या आठवड्यात त्या मामाचा फोन आला. आता दुसऱ्या भाच्याचं लग्न आहे. यांनी स्पष्ट सांगितलं, घोडी भाड्याने मिळणार नाही.

"घोडी नको वो," मामा म्हणाला. "फुडं नाचत होती ती बाई येल का, तेवढं इचारा."

यांनी हसत हसत फोन माझ्या हातात दिला. आणि मला नाही म्हणता येत नाही, हे तर मी वर सांगितलंच आहे. साडी पिवळी नेसावी म्हणते.