डबी गरम होते

बाबांना ऐकू येत नव्हतं, हे आधी सांगायला हवं. नाहीतर वाय-फायच्या एका डबीसाठी मी अमरावतीहून अकोटला इतक्या खेपा का घातल्या ते कळणार नाही.

बाबा अकोटच्या एका जिनिंगमध्ये फिटर होते. सरकीपासून रुई वेगळी करणाऱ्या यंत्रांना आमच्याकडे रेचे म्हणतात. एका शेडमध्ये ओळीनं लागलेले रेचे, आणि त्या आवाजात उभं आयुष्य. कान हळूहळू गेले. पुढे जिनही बंद पडली. कापूस पिकवणाऱ्या घरांचंच अवसान गळत चाललं होतं ती वर्षं. बाबांकडे उरली ती ओठ वाचायची सवय. जिनमध्ये ओरडून उपयोग नसायचा, म्हणून सगळे नुसते ओठ हलवून बोलत. समोरच्याचं तोंड दिसलं की बाबांचं भागायचं. साधा फोन मात्र त्यांच्या काही कामाचा नव्हता.

आई गेल्यावर ते अकोटलाच राहिले. "माझ्याकडे चला," असं मी त्यांना एकदाच म्हणालो, आणि ते नाही म्हणतील अशा बेतानं म्हणालो. ते नाही म्हणाले. मग मी त्यांना मोठ्या पडद्याचा फोन घेऊन दिला. रोज संध्याकाळी साडेसहाला व्हिडिओ कॉल करायचा असं ठरलं. त्यांच्या दिवसात माणसाशी बोलणं म्हणजे तेवढंच होतं.

बाबांच्या दोन खोल्या एका गादीवाल्याच्या घरामागे होत्या. पुढे दुकान, मध्ये कापूस ठेवायची खोली, मागे बाबा. गादीवाले चाचा त्यांचे जिनपासूनचे दोस्त. चाचांकडे इंटरनेट होतं, पण ते मागच्या खोलीपर्यंत पोचत नव्हतं. म्हणून मी अमरावतीच्या राजापेठेतल्या दुकानातून एक्स्टेंडर आणला. हाताच्या पंजाएवढी पांढरी डबी. सॉकेटमध्ये खोचायची, म्हणजे ती पुढचं वाय-फाय पकडून मागे देते. कापसाच्या खोलीला लागून असलेल्या भिंतीवर मी ती लावली. हिरवा दिवा लागला. बाबांनी ती चारी बाजूंनी पाहिली आणि मला विचारलं, "याले तेल लागत नाई ना?"

पहिल्याच आठवड्यात नेट तुटायला लागलं.

आमचं बोलणं सुरू होऊन आठ-दहा मिनिटं झाली की बाबांचं चित्र अडकायचं. तोंड अर्धवट उघडं, एक डोळा मिटलेला. मग पडदा काळा. मी एकदा पुन्हा लावून पाहायचो. लागत नसे. मग फोन खाली ठेवायचो.

इथे दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे. मी अमरावतीत एका शिकवणी वर्गात गणित शिकवायचो, आणि त्याशिवाय माझ्याकडे अजून एक काम होतं. खेड्यातून आलेली मुलं वर्षाच्या मध्येच यायची बंद व्हायची, त्यांच्या घरी फोन करून कारण विचारायचं. दर्यापूरकडची, चांदूर रेल्वेकडची, अकोटकडची मुलं. पलीकडून जे ऐकायला मिळे ते मी वहीत एका शब्दात लिहायचो : घरकाम, आजार, शेती. सुरुवातीला ते ऐकून मला जेवण जात नसे. नंतर जायला लागलं. संध्याकाळी बाबांसमोर बसायचो तेव्हा माझ्या आत बोलण्यासारखं काही उरलेलं नसायचं. चित्र अडकलं की मला वाईट वाटायचं नाही. सुटल्यासारखं वाटायचं. तरीही दर रविवारी मी डबी दुरुस्त करायला एसटीनं जायचो. तेवढं केलं की मुलाचं काम झालं, असा माझा हिशेब होता.

पहिल्या रविवारी मी टाचणीनं डबी रीसेट केली आणि पासवर्ड नव्यानं टाकला. दिवसभर नेट उत्तम चाललं. सोमवारी संध्याकाळी गेलं.

दुसऱ्या रविवारी मी चाचांच्या कूलरवर संशय घेतला. लोखंडी, पाण्यानं भरलेला, मोठा थोरला कूलर राउटर आणि डबीच्या बरोबर मध्ये खिडकीत बसवलेला. पाण्यातून आणि पत्र्यातून वाय-फाय जात नाही हे मी वाचलं होतं.

"चाचा, हा कूलर काही दिवस सरकवायचा का?"

"मे महिन्यात?" चाचा गादीला टाके घालत म्हणाले. "मास्तर, तुह्या बापाच्या डब्बीसाठी मले भाजून खातं का?"

"आठच दिवस."

"मिस्त्रीचं पोरगं आहेस म्हणून. दुसरा असता तं कूलरमंदीच बुडवला असता."

त्यांनी कूलर सरकवला. डबीचा दिवा आणखी लख्ख हिरवा झाला. मला बरं वाटलं. सोमवारी संध्याकाळी नेट गेलं. चाचा आठ दिवस ओला पंचा डोक्यावर ठेवून गाद्या शिवत बसले.

डबीच्या कंपनीच्या नंबरवरची मुलगी रोज वेगळी असायची आणि रोज तेच सांगायची : बंद करून पुन्हा चालू करा. शेवटी मी अकोल्याला कंपनीच्या केंद्रात जाऊन ती डबी बदलून आणली. नवी डबीही तशीच. चाचा म्हणाले, "डब्बी बदलली, आता बाप बदलून पाह्य."

एवढ्या दिवसांत मी चाचांना विचारलं, कंपनीला विचारलं, इंटरनेटवर रात्रंदिवस झगडणाऱ्या अनोळखी लोकांचे सल्ले वाचले. बाबांना विचारलं नाही. त्यांना काही विचारायचं म्हणजे समोर बसायचं, हळू बोलायचं, दोनदा बोलायचं. आणि ते काय सांगणार, असं मला वाटायचं.

मग एका सुट्टीच्या दिवशी मी वेगळं करून पाहिलं. चाचांच्या दुकानात बसलो आणि तिथून मागच्या खोलीत बाबांना व्हिडिओ कॉल लावला. दिवा कधी बदलतो ते स्वतः बघायचं होतं. मधली दोन्ही दारं उघडी ठेवली होती. फोनवर बाबा दिसत होते आणि मान थोडी वाकडी केली की दारातून खरे बाबाही दिसत होते. चाचांना मोठी गंमत वाटली. "तीस फुटावरून बापाले फोन! अरे उठ, जाऊन बस त्याच्याजवळ."

"थांबा ना चाचा."

सात-आठ मिनिटं बोलणं झालं. भेंडी महाग झाली, समोरच्यांनी नळाला मोटर लावली, वगैरे. मग बाबा बोलता बोलता उठले. फोन हातात घेऊन भिंतीपाशी गेले आणि उजव्या हाताची पालथी बाजू त्यांनी डबीला लावली. थोडा वेळ तशीच ठेवली. मग खालचं बटण खट्‌कन बंद केलं.

माझ्या फोनवर बाबांचं चित्र अडकलं. दारातून दिसणारे बाबा मात्र शांतपणे परत जाऊन खाटेवर बसले, फोन मांडीवर धरून.

मी आत गेलो. त्यांना दिसेल असा समोर बसलो.

"बाबा, डबी काहून बंद केली?"

"गरम झाली होती."

"रोज करता?"

"गरम झाली का करतो. आपण बोलाले लागलो का तापते." त्यांना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "बेअरिंग गरम लागलं का रेचा थांबवा लागते. नाईतं रुईले आग लागते. या भिंतीमांगं चाचाचा कापूस हाये."

आयुष्यभर त्यांनी तेच केलं होतं. दर थोड्या वेळानं रेच्यांच्या ओळीतून फिरायचं, हाताची पालथी बाजू लावायची, तापलेलं यंत्र थांबवायचं, निवलं की पुन्हा चालू करायचं. एका वर्षी शेजारच्या जिनमध्ये कोणी हात लावला नाही तर गंजीच्या गंजी जळाल्या होत्या. हे मला लहानपणापासून माहीत होतं.

"बाबा, हे यंत्र गरम राहतेच. याचं असंच असते. आग नाही लागत."

"कोणं सांगतलं?"

"कंपनीनं."

"रेचे बी कंपनीचेच होते," बाबा म्हणाले. चाचा दारात उभे राहून हसले. बाबांना हसू ऐकू आलं नाही, पण दिसलं, म्हणून तेही हसले.

मग मी म्हणालो, "तुम्ही बंद करता म्हणून फोन तुटतो. रोज."

"तुटते ना. माहीत हाये. पाच मिनिटात थंडी होते, मी लावतो परत. बसतो." ते माझ्या ओठांकडे बघत होते. "तूच थांबत नाईस."

म्हणजे इतके दिवस ते पाच मिनिटांनी डबी चालू करून, फोन मांडीवर घेऊन माझी वाट बघत बसत होते. किती वेळ, ते मी विचारलं नाही.

त्या दिवशी मी डबी कापसाच्या भिंतीवरून काढली आणि समोरच्या विटांच्या भिंतीवरच्या सॉकेटमध्ये लावली, बाबांच्या समाधानासाठी खाली एक फरशीचा तुकडाही ठेवला. तिथेही सिग्नल पुरेसा होता. बाबांनी दोनदा हात लावून पाहिला आणि म्हणाले, "तू म्हणतो तं ठीक."

त्यानंतर नेट कधीच गेलं नाही. आणि तेव्हा मला कळलं की मला त्या तुटण्याची किती गरज होती. वीस मिनिटं, पंचवीस मिनिटं बाबा बोलायचे. चित्र स्वच्छ. मी हो-हो करायचो.

तिसऱ्या आठवड्यातला मंगळवार असेल. दुपारी मी सहा घरी फोन केले होते. बाबा मला काहीतरी सांगत होते, बहुतेक नळाचंच. मी ऐकत नव्हतो. आणि काही न ठरवता मी हलायचं थांबलो. तोंड थोडं उघडं ठेवलं. पापणी लवू दिली नाही. नेट अडकलं की माझा चेहरा जसा दिसत असेल तसा मी धरून बसलो. त्यांना ऐकू येत नव्हतं, त्यामुळे चेहरा थांबला की पुरे होतं.

बाबा बोलायचे थांबले. त्यांनी फोन जवळ घेतला. त्यांनी डबीकडे पाहिलं, दिवा हिरवा असणार. मग पुन्हा माझ्याकडे, आणि मग माझ्या खांद्यावरून मागे. मागे माझ्या खोलीतला टेबलफॅन फिरत होता. कॅलेंडरचं पान वर-खाली होत होतं. मला ते तेव्हा आठवलं. तरी मी हललो नाही. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि फोन बंद केला.

रविवारी मी गेलो. वाटलं होतं, काही बोलतील. त्यांनी चहा केला. बशीत ओतून दिला. मग म्हणाले, "जिनमंदी थांबाचं असलं का आमी हात असा करू." त्यांनी पंजा छातीसमोर आडवा धरला. "कोणी इचारत नसे काहून थांबला म्हणून. थकला असन, पाणी प्याचं असन. तू बी करत जाय. मले समजते."

मी म्हणालो, "बाबा, तसं काही नाही."

"हो," बाबा म्हणाले. "चहा पे."

मी तो हात कधी केला नाही. करायची वेळच आली नाही. त्या रविवारनंतर तीन-चार मिनिटं झाली, जेवलास का, पोरं शिकतात का, एवढं झालं की बाबाच पंजा आडवा धरायचे. "अजून बोला ना," असं म्हणायला मला रोज दोन सेकंद मिळायचे. डबीचा दिवा हिरवा असायचा, चित्र स्वच्छ असायचं. मी लाल बटण दाबायचो.