पगडी घातलेला चोळ राजा

आनंदराव सरांच्या पंचाहत्तरीच्या ग्रंथात मी लिहावं, असं मंडळाने सांगितलं तेव्हा मी आधी घाबरले. माझ्या हातून झालेली सर्वांत मोठी चूक सांगितल्याशिवाय सरांविषयी लिहिता येत नाही. तेव्हा तीच सांगते.

नव्वदीची सुरुवातीची वर्षं. दुकानांत परदेशी खेळांच्या चकचकीत पेट्या दिसू लागल्या होत्या. इतिहास शिकवणारे आमचे सर त्या उलटसुलट करून पाहत आणि म्हणत, "सगळ्या जगाचे राजे अहेत यांत, कावेरीकाठचा एक नाही." शेवटी त्यांनी स्वतःच खेळ रचायला घेतला. राजा निवडायचा, शेती पिकवायची, नगर वसवायचं, आश्चर्यं उभारायची. पत्त्यांवरची चित्रं काढायला त्यांनी मला बोलावलं. तंजावरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत वाढलेली, सोनेरी वर्ख लावून देव रंगवणारी मी तेव्हा विशीतली मुलगी होते. सरांची माझी ओळख ती तिथून.

सरांचा न्याय काटेकोर. सुरुवातीला ज्याच्या हाती चोळांनी बांधलेल्या आमच्या मोठ्या देवळाचा पत्ता येई, तोच जिंके. तंजावरकर खूश, सर नाखूश. त्यांनी नियम घातला: देऊळ बांधलं की दर फेरीला दिव्याला तेल द्यायचं, नाहीतर पत्ता पालथा. "बांधणं सोपं, अगो. दिवा जळत ठेवणं कठीण." तंजावरच्या गादीवर बसलेल्या आपल्या मराठी राजांपैकी तर त्यांनी एकालाही घेतलं नव्हतं. गल्लीतले वडीलधारे रुसले, पण आपल्याच तोंडाने आपली आरती नको, यावर सर ठाम राहिले.

आणि मी काय करून ठेवलं? शिवकाशीहून रंगीत पत्ते छापून आले, तर चोळ राजाच्या डोक्यावर मोत्यांच्या तुऱ्याची मराठी पगडी! लहानपणापासून राजवाड्यातल्या तसबिरी पाहिलेल्या; राजा म्हटलं की हात आपोआप पगडीकडे वळला. खेळ विकत घेणारे मद्रासचे व्यापारी दुसऱ्या दिवशी येणार होते. त्यांनी पाठ फिरवली असती तर सरांची दोन वर्षांची मेहनत मातीत गेली असती. मी रडतच त्यांच्या घरी गेले.

सरांनी पत्ता पाहिला आणि त्यांना हसूच आवरेना. "परवाइल्लै," म्हणाले, काही बिघडलं नाही. "रडूलालीस कशाला? आधी काफी पी."

व्यापाऱ्यांसमोर त्यांनी सरळ सांगून टाकलं, "कच्च्या चित्रावर मंजुरीची सही माझी अहे, चूक माझी." सरांची सही होती, हे खरं. पत्त्यांवर नावं मात्र अजून छापायची होती. सरांनी त्या पगडीवाल्याला मराठी राजा करून टाकलं: ग्रंथालय उभारणारा, पण सैन्य बाळगता न येणारा. चोळ राजा मला देवळाच्या भिंतीवरच्या चोळांच्या वेळच्या चित्रांसमोर बसवून नव्याने काढायला लावला. व्यापारी हसून कबूल झाले आणि माझा जीव भांड्यात पडला. तो आजही तिथेच आहे.

"आमच्या राजाला सैन्य नाही?" म्हणत वडीलधारे पुन्हा रुसले.

"खोटं अहे का? इंग्रजांनी ठेवू दिलं होतं का सैन्य?" सरांनी विचारलं.

या ग्रंथासाठी सरांचं चित्रही मीच काढलं आहे, खेळातल्या पत्त्यासारखं. ताकद: दुसऱ्याची चूक आपल्या नावावर घेणं. उणीव: स्वतःचं कौतुक ऐकवत नाही, त्यामुळे सभेत हा लेख वाचून संपायच्या आत ते काफीचं निमित्त करून उठतील. सरांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. दिव्याला तेल घालायला आम्ही सगळे आहोत. चित्रात सरांच्या डोक्यावर पगडी आहे, आणि या खेपेला ती जाणूनबुजून रंगवली आहे. कच्चं चित्र पाठवते आहे, सर. सही तेवढी करा.